जादा झालेली रोपं अदलाबदल करायची आहेत, गोव्यात कसं जमवता तुम्ही?

पर्वरीची_गच्ची:

नमस्कार मंडळी,

दर मे महिन्यात माझं हेच होतं. छाटणी करते, छाटलेल्या काड्या टाकवत नाहीत म्हणून दुधाच्या पिशव्यांत, करवंट्यांत, मिळेल त्यात खोचून ठेवते, मग मिरग लागतो आणि जवळजवळ सगळ्या फुटतात. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी आणि सोसायटीने वापरायला दिलेला गच्चीचा एक कोपरा, एवढीच जागा आहे माझ्याकडे. माहेर डिचोलीचं, तिथे घरामागे मोठं परसू आहे, आईला आता वाकून काम होत नाही म्हणून महिन्यातून एकदा मी जाते आणि येताना गाडीची डिकी भरूनच येते.

आत्ता जादा आहे ते सांगते. साध्या लाल पाच पाकळ्यांच्या जास्वंदीची नऊ रोपं, पिवळ्याची चार, गवती चहाचे ठोंब पाहिजे तेवढे, पानओवा, कोरफडीची पिल्लं वीसेक तरी, ब्रह्मकमळाची पानं लावून झालेली सहा रोपं, कडीपत्त्याची मुळातून फुटलेली पाच, आणि आईकडच्या हळदीचे कंद. ही हळद आम्ही पानांसाठीच लावतो, पातोळ्यांना घरचंच पान लागतं आमच्याकडे, बाजारातल्या पानाला तो वास येत नाही असं आईचं म्हणणं आहे आणि मलाही तसंच वाटतं. आता लावली तर श्रावणापर्यंत पानं काढण्याजोगी होतात, म्हणून हळद ज्यांना हवी त्यांनी लवकर सांगा.

विकायचं नाहीये काहीच. अदलाबदल करायचीय. पण गेल्या वर्षी एका अदलाबदलीला गेले होते, दक्षिण गोव्यात, आम्ही पंधरा-सोळा जण असू, आणि त्यातून दोन गोष्टी मनाला लागून राहिल्या म्हणून आधी विचारून घेतेय. एक म्हणजे तिथून आणलेल्या एका जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता, पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसत होतं पण मला वाटलं माती लागली असेल, आणि आणल्या आणल्या मी ती बाकीच्या कुंड्यांच्या मधोमध ठेवली. पुढचे दोन महिने त्यातच गेले आणि माझा दहा वर्षांचा मोगरा गेला. दुसरं म्हणजे, काही जणांनी घरची कलमं केलेली गुलाबाची, अ‍ॅडेनियमची रोपं आणली होती आणि काही जण पाण्याच्या बाटलीत मनी प्लांटच्या चार काड्या घेऊन आले होते, आणि शेवटी कुणी काय उचललं यावरून कुरबुर झाली. माझ्यासमोर एक बाई रडवेल्या झाल्या, त्यांनी स्वतः भरलेलं कलम कुणीतरी न विचारता घेऊन गेलं होतं. कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाहीये, पण या वर्षी पर्वरीला आमच्या पार्किंगमध्ये मीच ठरवायचं म्हणतेय तर हे दोन्ही परत व्हायला नको.

तेव्हा ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, कीड घरी येऊ नये म्हणून काय करता, बरोबरीचं कसं ठरवता, आणि पावसाच्या तोंडावर कुठली रोपं द्यावीत कुठली देऊ नयेत.

आणि मला काय हवंय ते पण लिहून ठेवते. गावठी अबोली. नर्सरीत मिळते ती नाही, ती लावून बघितली दोनदा. आमच्या डिचोलीच्या घरी तुळशीवृंदावनाच्या कडेने होती ती, जरा फिकट केशरी, बियांपासून आपोआप उगवायची. कंपाउंडची भिंत बांधताना चिरे त्याच कडेला उतरवले आणि सगळी गेली, तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही की ही परत मिळणार नाही.

तिरफळ:

पर्वरीताई, छान केलंत विचारलंत ते. आमचं फोंड्याकडे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आहे आणि रोपं देणंघेणं हे आमच्याकडे कायमचंच, फक्त त्याला अदलाबदल असं नाव कुणी देत नाही. कुणाकडे गेलो की येताना हातात काहीतरी असतं.

बरोबरीचं विचारलंत त्याबद्दल आधी लिहितो कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोपाला रोप असा हिशोब लावायला गेलात की कुरबुर होणारच, कारण गवती चहाचा ठोंब आणि दोन वर्षं सांभाळलेलं कलम यांची बरोबरी होऊच शकत नाही. आम्ही नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत मिळून तीन-चार वर्षं करतोय त्यात दोन वेगळी टेबलं ठेवतो. एका टेबलावर जे भरपूर आहे ते, कोरफड, पानओवा, मनी प्लांट, पुदिना, स्पायडर प्लांट वगैरे, ते कुणीही कितीही घ्यावं, आणलं नसलं तरी घ्यावं. दुसऱ्या टेबलावर जे निगुतीने केलेलं आहे ते, आणि त्या टेबलाशी ज्याचं रोप तो माणूस स्वतः उभा राहतो. त्याच्याशी बोलल्याशिवाय ते रोप हलत नाही. तो कुणाला द्यायचं ते ठरवतो, बदल्यात काही मागेल किंवा नाही मागणार. एवढं केल्यावर आमच्याकडे आजवर वाद झालेला नाही, कारण बहुतेकांना बदल्यात काही नकोच असतं हो, आपलं झाड कुठल्या घरी चाललंय आणि ते माणूस त्याला पाणी घालेल का एवढंच बघायचं असतं.

आता काय द्यावं ते. तुमच्याकडच्या जास्वंदी, हळद, गवती चहा, कडीपत्ता, सगळं या दिवसांत बिनधास्त द्या. ब्रह्मकमळ द्या पण नुसतं पान देत असाल तर कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मग द्या, ओलं पान पावसात लावलं की कुजतं. अ‍ॅडेनियम पावसाळ्यात देऊच नका, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याच्या बुडाला एकदा ओल बसली की आठवड्यात मऊ पडतं आणि घेणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. ते पाऊस संपल्यावर द्या, दिवाळीनंतर.

स्नेक प्लांटबद्दल एक. पिवळ्या कडेचं असेल तर पान कापून लावलेलं कुणाला देऊ नका, पानापासून आलेल्या रोपाला ती पिवळी कड येत नाही, साधं हिरवंच येतं. मुळासकट ठोंब विभागून दिलात तरच कड राहते.

आणि तुम्ही बाल्कनीवाल्या आहात म्हणून खास सांगतो, मिरी हवी असेल तर माझ्याकडून घेऊन जा. लोक जमिनीवर पसरणारी वेल कापून नेतात, ती लावली की वरच चढत जाते, तिला पोफळ नाहीतर माड लागतो. पण वेलीच्या बाजूला ज्या आडव्या फांद्या येतात, ज्यांना घोस लागतात, त्यांची काडी लावली तर झुडूप होतं, कुंडीतच राहतं आणि कुंडीतच मिरी धरतं. मूळ धरायला वेळ लागतो, बऱ्याच काड्या फुकट जातात, पण माझ्याकडे या वर्षी अकरा जगल्यात. त्या दुसऱ्या टेबलावरच्या आहेत बरं का, त्यांच्याजवळ मी स्वतः उभा राहणार.

कुंडीवाला_वास्को:

कीड या विषयावर माझे पण हात पोळलेत म्हणून लांब लिहितोय, वाचायचा कंटाळा करू नका.

आणलेलं रोप पहिले तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांजवळ न्यायचं नाही. हा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ वाचतं. आमच्याकडे जिन्याच्या खिडकीत त्यांची जागा आहे, तिथे उजेड येतो पण ऊन आणि पाऊस येत नाही. तीन आठवडे का, तर पिठ्या ढेकणाची पिल्लं इतकी बारीक असतात की आणलेल्या दिवशी दिसतच नाहीत, पण एवढ्या दिवसांत ती मोठी होऊन कापूस दिसायला लागतो. पानाची खालची बाजू, पान जिथे खोडाला जुळतं ती बगल, आणि कुंडीच्या काठाखालची बाजू बघायची. मुंग्या चढउतार करताना दिसल्या तर समजायचं मावा किंवा पिठ्या ढेकूण कुठेतरी आहेच. सापडला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढायचा आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब घालून हलवून संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत, मग परत. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतात.

पण ताई, आपल्याकडे पावसात यापेक्षा मोठी भीती मातीची आहे. आफ्रिकन गोगलगाय. शंखाची मोठी तपकिरी गोगलगाय पाऊस पडला की रात्री भिंतींवर चढते ती. ती मातीत अंडी घालते, साबुदाण्याएवढी, पांढरट पिवळसर, एका वेळी शंभराच्या वर, आणि आपण कुणाच्या तरी परसातली ओंजळभर माती रोपाबरोबर घेऊन येतो त्यात ती येतात. आमच्या कॉलनीत आधी एकही नव्हती, कुणाच्या तरी रोपाबरोबर आली आणि पुढच्या पावसात झेंडू, पपईची रोपं, कोवळी भेंडी काही उरलं नाही. हाताने उचलताना ग्लव्हज घाला, नुसत्या हाताने नको, तिच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. मग मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची, आणि ते पाणी कुंडीत किंवा झाडाच्या बुडाला ओतायचं नाही.

त्यामुळे मी आता जमिनीतून काढलेलं रोप मातीसकट घेतच नाही. देणाऱ्याने मुळं बादलीत धुवावीत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत, आणि घरी गेल्यावर नव्या मातीत लावावं. जास्वंद, हळद, गवती चहा हे सगळं मुळं धुऊन दिलेलं चांगलं सोसतं. धुताना मुळांवर गाठी गाठी दिसल्या, शेंगदाणे चिकटवल्यासारख्या, तर ते रोप सरळ बाद करा, ते सूत्रकृमी आहेत, एकदा कुंडीत शिरले की जात नाहीत. ज्यांची मुळं हलवलेली चालत नाहीत ती रोपं पहिल्यापासून पिशवीत वाढवलेली असतील तरच आणायची.

अजून एक, कृपा करून जलपर्णी आणि ती पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेडेलिया अदलाबदलीत ठेवू नका. दिसायला दोन्ही सुंदर आहेत, कुणी हौसेने नेतं, मग जास्त झाली की नाल्यात टाकतं, आणि नाल्यातून तळ्यात, शेतात. वेडेलिया एकदा बांधावर गेली की दुसरं काही उगवू देत नाही. टाकायचीच असेल तर वाळवून जाळा.

नवी_माळीण:

मला विचारायला संकोच वाटतोय पण विचारते. मी मिरामारला भाड्याने राहते, बागकाम सुरू करून तीनच महिने झालेत, माझ्याकडे देण्यासारखं काहीच नाही, एक तुळस आणि एक पुदिना एवढंच आहे. मी आले तर चालेल का? फुकट न्यायला आली असं कुणाला वाटू नये. पैसे द्यायला तयार आहे. दुसरं म्हणजे कुणी म्हणालं की मनी प्लांट न विचारता उचलून आणलेलाच वाढतो, ते खरं आहे का?

तिरफळ:

या हो नक्की. पैसे नकोत. पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं येतील, चार करवंट्यांत लावून आणा, झालं. आणि काही नसलं तर रिकाम्या करवंट्या, जुने डबे, पाचोळ्याचं खत, काहीही चालतं, गच्चीवाल्यांना पाचोळा मिळत नाही. मनी प्लांट ओळखीच्या कुणाकडेही मागा, माणूस आनंदाने देतो, न विचारता कशाला आणायचा. पेर असलेली काडी असेल तर कसाही वाढतो तो.

म्हार्दोळची_जाई:

मी सहसा नुसती वाचते, लिहीत नाही, पण अबोलीचं वाचून राहवलं नाही.

आमच्या गावात फुलांचं काम घरोघरी. म्हाळसेच्या देवळातली जायांची पूजा तुम्हाला माहीत असेलच, पावसात जाई फुलते तेव्हा सगळ्या गावाच्या ओंजळी देवळात जातात. त्यामुळे जाईच्या वेलीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. तुम्हाला हवी असेल तर काडी नका नेऊ, मी दाब कलम करून देते, वेलीची लांब फांदी वाकवून मधला भाग जरासा खरवडून मातीत दाबायचा, वर एक चिऱ्याचा तुकडा ठेवायचा आणि पावसावर सोडून द्यायचं, दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, मग मागून कापायची. आईपासून तोडण्याआधीच त्याची मुळं तयार असतात म्हणून ते जगतंच.

आता अबोली. माझ्या सासूबाईंची अबोली होती विहिरीच्या काठावर. मी लग्न होऊन आले तेव्हा रोज संध्याकाळी त्या गजरा करायच्या, केळीच्या सोपटाचा दोरा काढून त्यात ओवायच्या. त्या गेल्या त्या वर्षी घरात कुणाचं लक्ष नव्हतं, उन्हाळ्यात पाणी पडलं नाही, आणि जूनमध्ये बघते तर सगळी वाळलेली. खरं सांगायचं तर सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले नव्हते एवढी त्या दिवशी रडले. नर्सरीतून आणली ती लावली. छान आहे, भरपूर फुलते, पण तिला बी धरत नाही, ती जात काडीनेच वाढवायची असते, आणि दोन पावसाळ्यांत मुळं कुजून गेली.

मग तीन वर्षांनी चवथीला शिरोड्याला एका लांबच्या नातेवाइकांकडे गेले होते, गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी बघायला म्हणून सगळे आत गेले आणि मी पायरीवरच थांबले, कारण पायरीच्या कडेला तीच अबोली. तोच रंग, पानाला तीच मुरड. मी त्या घरच्या वहिनींना विचारलं ही कुठली, तर त्या म्हणाल्या अगो ही तुझ्या सासूनेच दिलेली, आमच्या मुलीच्या बारशाला आली होती तेव्हा मूठभर बी घेऊन आली होती. त्यांची मुलगी आता नोकरी करते, म्हणजे बघा किती वर्षं झाली. त्यांनी पण मला मूठभर दिलं. ते सगळं उगवलं.

म्हणून मला तुम्हाला एवढंच सुचवायचंय की इथे मागण्याआधी आईला विचारा तिने अबोली कुणाकुणाला दिली होती. आमच्या सासवा, आया ज्या पिढीच्या आहेत त्यांनी एकही झाड एकट्याजवळ ठेवलेलं नाही.

मिळाली तर बी कसं धरायचं तेही सांगते. गावठी अबोलीच्या तुऱ्यावर फुलं झडली की हिरव्या-तपकिरी बोंडी राहतात. त्या पिकून सुकल्या की त्यांच्यावर पाणी पडताच फट् करून फुटतात आणि बी लांब उडतं. पहिल्या पावसात आपण शेजारी उभे राहिलो तर आवाज ऐकू येतो. म्हणून पाऊस पडायच्या आधी अख्खा तुरा कापायचा आणि कागदाच्या पिशवीत कोरडा ठेवायचा, प्लास्टिकमध्ये नको, आतल्या दमटपणाने पिशवीतच फुटतात. लावताना पसरट ताटलीत माती घेऊन बोंडी वर ठेवा, पाणी शिंपडा आणि वर जुनी ओढणी टाका, म्हणजे बी बाहेर उडत नाही. उगवायला तीनेक आठवडे लागतात, तोवर धीर धरा, माती उकरून बघू नका.

काणकोणकर:

वरच्या ताईंचं वाचून आमच्या आजीची आठवण झाली, ती वांग्याचं बी भिंतीला शेणात थापून ठेवायची आणि पाहुण्याला जाताना त्यातलं थोडं कोरून द्यायची.

मी बियांबद्दल आणि केळीबद्दल लिहितो, बाकी सगळ्यांनी चांगलं सांगितलंय. अदलाबदलीत रोपांच्या बरोबर बी पण ठेवा, जागा लागत नाही आणि कीड कमी जाते. माझ्याकडे खोलाच्या मिरचीचं बी आहे. तीच ती, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, आमच्याकडे डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर करतात. पण एक अट आहे माझी. ती दुसऱ्या मिरच्यांच्या शेजारी लावली तर मधमाशा परागकण इकडचे तिकडे करतात आणि त्या झाडाच्या बियांतून पुढे जे येतं ते खोलाचं राहत नाही. खायला लावा कशीही, बी धरायचं असेल तर फूल उमलायच्या आधी एक-दोन फांद्यांना पातळ कापडाची पिशवी बांधा आणि त्याच फांदीवरच्या मिरच्या पूर्ण लाल करून बी काढा. पिशवी न बांधता धरलेलं बी खोलाचं म्हणून पुढे कुणाला देऊ नका, वाईट वाटतं मग.

केळीचं पिल्लू देताना निमुळत्या, तलवारीसारख्या पानांचं द्या. रुंद पानांचं बुटकं पिल्लू दिसायला गोंडस असतं पण त्याचा कंद लहान आणि जोर कमी असतो. ज्या झाडाची नवी पानं आखूड, अरुंद, ताठ होऊन शेंड्याला गुच्छासारखी जमलीत त्याचं पिल्लू तर मुळीच नको, तो पर्णगुच्छ रोग आहे, मावा पसरवतो आणि पिल्लाबरोबर पण जातो, अख्खी बाग बसते. कंद खरवडून, सगळी मुळं काढून, पांढरा करून द्यायचा, आत काळी भोकं दिसली तर सोंड्या किडा आहे, टाकून द्यायचा. रसबाळी आणि सावरबोंडी दोन्ही आहेत माझ्याकडे, परसात जागा असलेल्यांनी सांगा, आता बाजारात कमी दिसतात या जाती म्हणून चार घरी असलेल्या बऱ्या.

आणि भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, बीपासून केलेलं रोप कुणी देत असेल तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगून द्या. भिरंडीत नर मादी झाडं वेगळी. बियांच्या रोपांतली जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. एका शेजाऱ्याने माझ्याकडून नेलेलं असंच निघालं, बिचाऱ्याने एवढी वर्षं पाणी घातलं. तेव्हापासून मी भिरंडीचं कलमच देतो.

पर्वरीची_गच्ची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण मध्ये डिचोलीला जाऊन आले, का ते सांगते.

म्हार्दोळच्या ताईंचं वाचलं आणि त्याच रात्री आईला फोन केला. तिला म्हटलं अबोली तू कुणाकुणाला दिली होतीस. ती आधी म्हणाली आता कुठलं आठवायला. मग दहा मिनिटांनी तिचाच परत फोन आला, सात नावं सांगितली. त्यातली तीन माणसं आता नाहीत, एक घर बंद आहे, एक घर पाडून तिथे इमारत झालीये. सहावं घर साखळीला, आईची चुलत नणंद. रविवारी आईला गाडीत घालून गेलो. आईने तिथे पाऊल टाकलं नव्हतं पाचेक वर्षं तरी, काही भांडण वगैरे नाही, जाणं झालं नव्हतं एवढंच. अंगणात तुळशीच्या मागे, शेवाळ धरलेल्या चिऱ्यांच्या फटीतून सतराएक रोपं उभी होती, काहींना तुरे. आई काही बोलली नाही, खाली बसली आणि पिवळी पडलेली पानं खुडायला लागली. दुसऱ्याच्या अंगणात. तिला वाकायला होत नाही असं मी वर लिहिलंय.

नऊ तुरे आणलेत कागदाच्या पिशवीत, कपाटात कोरडे ठेवलेत. आत्यांना मी हळद आणि एक पिवळी जास्वंद नेली होती, मुळं धुऊन, वर्तमानपत्रात. वास्कोच्या दादांनी सांगितलं तसंच.

तर आता ठरवते. जूनचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊपासून, पर्वरीला आमच्या पार्किंगमध्ये, वर पत्रा आहे तेव्हा पाऊस असला तरी चालेल. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवते. दोन टेबलं लावते तिरफळदादा म्हणाले तशी, आणि दुसऱ्या टेबलाशी ज्याचं रोप त्याने उभं राहायचं. दाराशीच पाण्याची मोठी बादली आणि वर्तमानपत्रं ठेवते, जमिनीतून काढलेलं काही असेल तर तिथेच मुळं धुवायची, आणि ते धुतलेलं पाणी गटारात न सोडता मी गाळून टाकेन, गोगलगाईचं वाचून धसका घेतलाय. पिशवीतली रोपं वेगळी एका कडेला. अ‍ॅडेनियम, जलपर्णी, वेडेलिया नको.

एक गोष्ट माझ्याकडून जोडते. प्रत्येक रोपाला चिठ्ठी लावायचीच, आणि त्यावर नुसतं जास्वंद लाल असं नको, कुठल्या गावची, कुणाच्या घरची, कधीपासून आहे ते पण लिहा जेवढं ठाऊक आहे तेवढं. माझ्या अबोलीवर डिचोली, मग साखळी, मग परत पर्वरी असं लिहिणार आहे. आणि ज्याने त्याने आपण काय कुणाला दिलं ते घरी एका वहीत उतरवून ठेवा. आईला सात नावं आठवली हे नशीब.

मिरामारच्या ताई, तुम्ही याच. पुदिना आणा.

म्हार्दोळची_जाई:

वाचून डोळे भरून आले हो. मी येते. जाईचं दाब कलम जूनपर्यंत तयार होणार नाही, आत्ताच दाबलंय, ते श्रावणात मिळेल तुम्हाला, तोवर हळदीची पानं पण होतील तुमच्याकडे.

कुंडीवाला_वास्को:

मी पण येतोय. गाळायला दोन पदरी धोतराचं कापड घ्या, साधी चाळण नको, त्यातून अंडी जातात. गाळलेला गाळ कडक उन्हात नाहीतर उकळत्या पाण्यात. मी सकाळी नऊलाच येऊन बादलीजवळ बसतो, ते काम माझ्याकडे सोडा.

काणकोणकर:

लांब पडतं पण येईन. केळीची चार पिल्लं आणि मिरचीचं बी. भेटू.